यादीतलं सातवं नाव

लोवेल उठून उभा राहिला तेव्हा मला वाटलं, हा आता मक्याच्या भावाचं काहीतरी विचारणार. आयोवात आलेल्या उमेदवाराला मक्याचं विचारणं म्हणजे दारात आलेल्याला कॉफी विचारण्यासारखं आहे, कुणालाच त्याचं काही वाटत नाही. जानेवारीतली दुपार होती. फायर स्टेशनातला बंब बाहेर बर्फात काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी घडीच्या साठ खुर्च्या मांडल्या होत्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले गव्हर्नर थार्प बाह्या दुमडून बोलत होते, आणि लोवेल, माझा नवरा, आमच्या भागातला त्यांचा प्रमुख कार्यकर्ता, टोपी छातीशी धरून म्हणाला, "गव्हर्नर, माझा प्रश्न घरचाच आहे. इंटरनेटवरच्या पोकरपायी माझ्या घरातल्या एका भल्या बाईची चार वर्षं गेली. ही इथे बसली आहे, माझी बायको, आर्डिस. सरकारनं ते बंद केलं म्हणून ती सुटली. आता ते पुन्हा कायदेशीर करायचं घाटतंय असं ऐकतो. तुम्ही काय करणार?" साठ माना वळल्या. माझ्या मांडीवर कागदी बशीत लिंबाच्या वडीचा अर्धा तुकडा होता. गव्हर्नर खुर्च्यांमधून वाट काढत आले, त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गरम होते आणि थोडे ओलसर. "आर्डिस," ते म्हणाले, "मी हे देशभर बंद करणार. एकाही राज्यात चालू ठेवणार नाही. तुमच्यासाठी." आणि मी म्हणाले, "थँक यू."

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचं मला काही नाही, लोक कशालाही टाळ्या वाजवतात. मला छळलं ते माझ्याच तोंडून निघालेल्या त्या दोन शब्दांनी. आमच्या नॉर्डालमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तर आपणच माफी मागायची रीत आहे. आमचे पणजोबा नॉर्वेहून पेट्या घेऊन आले, त्यांत लोकरी मोज्यांखाली ही रीतही घडी घालून आणली असणार. घरी जाताना गाडीत लोवेल खुशीत होता. "बरं झालं ना?" म्हणाला. मी "हं" म्हणाले. आमच्याकडे भांडण म्हणजे हे एवढंच, एक "हं", आणि तो कसा म्हटला ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. लोवेलने अडतीस वर्षांत तो कधी ओळखला नाही. त्या दिवसापासून मला त्याचं चावणं ऐकू यायला लागलं. चमचा बशीवर टेकताना होणारा आवाज, पाणी पिऊन झाल्यावरचा उसासा, पेपर वाचताना नाकातून येणारी बारीक शिट्टी. राग नव्हता तो. राग येतो आणि जातो. मला हा माणूस नकोसा झाला होता, आणि रोज सकाळी मी त्याची अंडी त्याला हवी तशीच करत होते.

दुसऱ्याच दिवशी ग्लेंडा आली. ग्लेंडा रॉसव्होल्ड आमच्या समोरच राहते, गावात कुणाचं ऑपरेशन झालं किंवा कुणी गेलं की तिच्या भट्टीत खजुराच्या वड्या लागतात. या खेपेला त्या माझ्यासाठी होत्या. "आर्डिस, अगं किती सोसलंस तू," ती बूट काढता काढताच म्हणाली. "माझ्या दिराचं दारूचं असंच होतं. पहिली पायरी म्हणजे कबूल करणं. ते तू केलंस."

"मी कुठे केलं? लोवेलने केलं."

"तेच गं. नवरा-बायको काय वेगळे असतात?"

मी वडी खाल्ली आणि छान झाली आहे म्हणाले. खजूर नीट भिजवला नव्हता, दातांत अडकत होता. पुढच्या आठवड्यात आणखी तीन ताटल्या आल्या आणि चर्चमधून एक पत्रक आलं, त्यावर अंधारात बसलेल्या एका बाईचं चित्र होतं. सव्वीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना रांधून घातलं. या गावातल्या निम्म्या लोकांना कोबी खायला मी शिकवला आहे. आता वाण्याच्या दुकानात मी बटाटे निवडत असले की तेच लोक आवाज खाली करायचे.

नऊ वर्षांपूर्वी पोस्टासमोरच्या बर्फावर मी घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शाळेचं काम सुटलं. घरात तळघर आहे, तिथे कपडे धुवायचं मशीन, मांसाचा मोठा फ्रीझर आणि लोवेलने धान्य कोठीच्या ऑफिसातून जुना म्हणून आणलेला कॉम्प्युटर. आधी मी पाककृती शोधायचे. मग एक दिवस पोकर सापडला. पोकर म्हणजे नशीब असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी नीट खेळलेला नसतो. दहांतल्या आठ डावांत पत्ते टाकून द्यायचे आणि गप्प बसून बाकीचे काय करतात ते बघायचं. हे काम मी लग्न झाल्यापासून करतच होते, फक्त तिथे त्याचं बक्षीस मिळत होतं. आठ जण एका टेबलाला, कुणाचं तोंड दिसत नाही, पण कोण किती वेळ घेतो, कोण घाईत आहे, कोण घाबरून मोठी बोली लावतोय, सगळं दिसतं. मी तिथे लेफ्साबाई होते, आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळीवरून घेतलेलं नाव. कुणाची बायको म्हणून कुणी विचारलं नाही. लोक म्हणायचे, लेफ्साबाईने बोली लावली की उठा आणि घरी जा. माझा मान राहत होता तिथे. हे मी आता लिहितेय तितकं सोपं तेव्हा मला कळलं नव्हतं. तेव्हा इतकंच कळायचं की जेवणाची भांडी आवरताना माझे हात आपोआप भरभर चालायचे.

मग एप्रिलमधल्या एका शुक्रवारी टेबलाच्या जागी सरकारी शिक्का आला. गरुड, ढाल आणि खाली कलमं. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, गरुड तिथेच होता. वॉशिंग मशीनवर हात टेकून मी रडले, आणि लोवेल जिन्यावरून म्हणाला, "रड, मोकळी हो." पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी तो उभा राहिला आणि घरातलं एक संकट टळलं म्हणून देवाचे आभार मानले. कुणाचं, कसलं, हे त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं. तेवढी लाज होती. ती पाच वर्षांत संपली असावी.

पोकर खेळणाऱ्यांची एक साइट आहे, तिथे नुसतं वाचता येतं. निवडणूक जवळ आली तसा त्यांनी एक तक्ता केला होता. प्रत्येक उमेदवाराचं नाव, इंटरनेटवरचा पोकर कायदेशीर करण्याबद्दल तो काय बोलला, आणि शाळेतल्यासारखी श्रेणी. गव्हर्नर थार्प नापास. सिनेटर ओक्रे म्हणाले होते की ज्या त्या राज्याने आपलं ठरवावं, त्यांना बी. सगळ्यांच्या पुढे असलेल्या मिसेस हॅलवर्सन यांच्यासमोर "मत माहीत नाही" आणि श्रेणीच्या जागी रेघ. ओक्रे मला आवडतात असं नाही. दात फार दाखवतात, आणि दुधाच्या भावाबद्दल त्यांना ओ की ठो कळत नाही. एका प्रश्नावर मत देणाऱ्या माणसाला आमच्याकडे अर्धवट समजतात. देशात दोन युद्धं चालू, औषधं परवडत नाहीत, आणि ही बाई पत्त्यांवर मत देते. देते. लोक गर्भपातावर देतात, बंदुकांवर देतात, उमेदवाराच्या बायकोच्या केसांवर देतात. मला माझं एक टेबल परत हवं होतं, आणि माझं टेबल हा रोग नव्हता एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ओक्रेंनी अर्धवट का होईना म्हटलं होतं.

"मंगळवारी लायन्स क्लबची बस आहे," लोवेल एका संध्याकाळी सूप पिता पिता म्हणाला.

"कॅसिनोला?"

"जेवायला. बुफे बरं असतं तिथलं."

"आणि जेवण पचायला मशीनची बटणं दाबता."

"ते वेगळं आहे, आर्डिस. त्याला छप्पर आहे, लायसन्स आहे. माणसं एकमेकांना बघतात तरी." त्याने ब्रेडने वाटी पुसली. "तुझं ते तळघरात."

म्हणजे पापाला खिडकी हवी. नदीकाठच्या त्या कॅसिनोच्या पैशातून आमच्या गावाला बंब मिळाला, बंबाच्या दारावर तशी पितळी पाटी आहे, ती पाटी दिसू नये म्हणून त्या दिवशी बंब उलटा लावला होता की काय कोण जाणे. आणि थार्पना घरबसल्या पोकर का नको, तर त्यांच्या मागे उभे असलेल्यांत कॅसिनोवाले आहेत म्हणून, असं त्या तक्त्याखाली लिहिलं होतं. हे मी लोवेलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने "कुठे वाचलंस?" विचारलं असतं, आणि मग पुन्हा वड्या आल्या असत्या.

फ्रिजवर त्याने यादी लावली होती. वर थार्पचं नाव, खाली त्याच्या ठोकळेबाज अक्षरात पक्के लोक. आधी तो स्वतः, मग पाच जण आणि सातवं नाव आर्डिस बी., त्यापुढे इतरांसारखीच बरोबरची खूण. मी दूध काढायला गेले होते. दार उघडं धरून बराच वेळ वाचत राहिले, पायांवर गार हवा येत होती. त्या पाचही जणांच्या घरी तो दोन-दोनदा जाऊन आला होता. एकाच्या गोठ्यात उभं राहून तासभर बोलला होता. सातव्या घरी जायची त्याला गरज वाटली नाही. मी थँक यू म्हणाले होते ना. शिवाय मी त्याची बायको, म्हणजे त्याच्याच हाताला आणखी एक बोट. मी दार लावलं आणि काही बोलले नाही. तीन आठवडे बोलले नाही. त्याच्या हातात काय पत्ते आहेत ते मला दिसत होतं, आणि माझ्या हातातले बघायचं त्याच्या मनातही येत नव्हतं. असा डाव आयुष्यात फार वेळा येत नाही.

आमच्याकडे हे मत पेटीत टाकत नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सगळे शाळेच्या जिममध्ये जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसं नसतील तर तो कोपरा बाद, आणि मग अर्धा तास एकमेकांना ओढायचं. जमिनीला नवं पॉलिश केलं होतं म्हणून सगळ्यांचे बूट दाराशी काढायला लावले होते. त्रेचाळीस माणसं मोज्यांवर चालत होती. गावातल्या लोकांचे मोजे पाहिले की त्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं फारसं काही शिल्लक राहत नाही. लोवेल दाराशी कुणाशी तरी बोलत होता तेवढ्यात मी दुधाच्या फ्रिजजवळ गेले, जिथे ओक्रेंचा कागद चिकटवला होता. अकरा जण होते. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. ग्लेंडाचा नवरा तिथे होता, त्याने मला बघितलं आणि थोडा बाजूला सरकला.

अध्यक्ष होते कर्टिस मेल, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी पेन्सिलने कपाळ खाजवलं आणि म्हणाले, "त्रेचाळीस जण. म्हणजे सात लागतील. मोजा मोठ्याने." हॅलवर्सनबाईंच्या कोपऱ्याने पंचविसापर्यंत मोजलं. मग थार्पचा कोपरा, बास्केटबॉलच्या रिंगखाली. "एक," लोवेल म्हणाला, सगळ्यांत पुढे उभा राहून. दोन, तीन, चार, पाच. "सहा," शेवटचा म्हणाला. मग सात कुणी म्हणेना. लोवेल हसला. "आर्डिस बाथरूमला गेली असेल," तो म्हणाला, "सात धरा."

"लोवेल," कर्टिस म्हणाले, "ती तिकडे आहे." त्यांनी पेन्सिल माझ्याकडे केली.

मी या क्षणाची तीन आठवडे वाट बघितली होती. साठ माना माझ्याकडे वळल्या होत्या, आज बेचाळीस त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलंही, खोटं कशाला बोलू. लोवेल जिमच्या मधल्या रेघेवरून चालत माझ्याकडे आला. त्याच्या डाव्या मोज्याच्या टाचेला मी घातलेली रफू होती, रंग जुळला नव्हता.

"आर्डिस, तू चुकीच्या कोपऱ्यात उभी आहेस."

"नाही."

"आपला कोपरा तो आहे."

"तुझा."

त्याने आवाज उतरवला. जिममध्ये आवाज उतरवून उपयोग नसतो. "अगं, एक माणूस कमी पडतंय. इथे तुझ्याशिवाय अडत नाही. तिकडे अडतंय."

"ठाऊक आहे मला. फ्रिजवरची यादी मलाही वाचता येते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

"तू गव्हर्नरना थँक यू म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं."

"मी दात उपटणाऱ्यालाही म्हणते."

माझ्या मागे कुणीतरी हसलं. लोवेलचे कान लाल झाले. त्याला तिथेच सोडलं असतं तरी चाललं असतं, पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "फायर स्टेशनात तू म्हणालास माझी चार वर्षं गेली," मी म्हणाले, मोठ्याने म्हणाले. "कुठे गेली, लोवेल? सांग सगळ्यांना. काय हरले मी?" उत्तर माझ्याकडे तयार होतं. तो पैशाचं काहीतरी म्हणेल, मग मी म्हणेन की मी हरत नव्हते, जिंकत होते, तुझे हे मोजे ज्या मशीनमध्ये वाळतात ते मशीन मी जिंकून आणलंय. तीन आठवडे भांडी घासताना मी ते वाक्य घासून ठेवलं होतं.

"तू हरत नव्हतीस," लोवेल म्हणाला. "कपडे वाळवायचं मशीन तू त्यातूनच आणलंस. मला माहीत होतं."

माझं वाक्य त्यानेच म्हणून टाकलं होतं.

"तू हसायचीस," तो म्हणाला. आता तो खरंच हळू बोलत होता, आणि जिम इतकी शांत होती की दुधाच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. "जेवण झालं की खाली जायचीस आणि थोड्या वेळाने हसायचीस. मी जिन्यावर उभा राहून ऐकायचो. वर तू तशी कधी हसली नाहीस. एकदाही नाही, आर्डिस."

माणूस खोटं बोलत असला की मला कळतं. तो खोटं बोलत नव्हता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने आपले पत्ते माझ्यासमोर उताणे टाकले होते, तेही अख्ख्या गावासमोर, मोज्यांवर उभं राहून. माझा पाय उचलला गेला. मी नाही म्हणणार नाही, उचलला गेला. तिथून त्याच्या कोपऱ्यापर्यंत वीस-बावीस पावलं असतील. आणि मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. म्हणजे याला माहीत होतं. मी आजारी नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आजार त्याला होता, जिन्यावर उभं राहण्याचा, आणि तो त्याने माझ्या नावावर लावला. चर्चमध्ये लावला, फायर स्टेशनात लावला, उद्या राष्ट्राध्यक्ष होईल अशा माणसापुढे लावला आणि माझं हसू कायद्याने बंद करून मागितलं. ग्लेंडाने वड्या आणल्या तेव्हा हा शेजारच्या खोलीत बसून पेपर वाचत होता. त्याने त्या वड्या खाल्ल्याही होत्या. मी पाय खाली ठेवला, होता तिथेच.

"मी इथेच आहे," मी म्हणाले. "मला पत्ते खेळायला आवडतात. मी चांगली खेळते. एवढंच."

ग्लेंडा हॅलवर्सनबाईंच्या घोळक्यात उभी होती, ती जमिनीकडे बघत होती. लोवेल परत गेला. कर्टिसनी घड्याळ बघितलं, पुन्हा मोजायला लावलं, आणि सहा आकडा लिहून त्यावर रेघ मारली. थार्पचे पाच लोक हॅलवर्सनबाईंकडे गेले, तिकडे त्यांना टाळ्या मिळाल्या. लोवेल कुठेच गेला नाही. बाकड्यावर बसून त्याने बूट घातले, नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला, आणि गाडी गरम करायला बाहेर निघून गेला. कोट कुणाचा कुणाचा शोधताना लोक माझ्याशी नेहमीसारखं हवेचं बोलले. उद्या आणखी बर्फ आहे म्हणाले. मी सगळ्यांना थँक यू म्हणाले.

गाडीत हीटरचा वास भरला होता. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधे रस्ता, लोवेलचे दोन्ही हात चाकावर. मला वाटलं होतं तो काही बोलणार नाही, आणि मला तेच हवं होतं. रॉसव्होल्डच्या कोठारापाशी वळताना तो म्हणाला, "कशाला हसायचीस गं एवढी?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि हा त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं. विनिपेगचा एक ट्रक दुरुस्त करणारा माणूस होता. बायको शेजारच्या खोलीत आजारी, तिच्या दोन औषधांमधल्या वेळात तो खेळायचा, आणि इतका वाईट खेळायचा की टेबलाखालच्या गप्पांच्या चौकटीत स्वतःच्याच डावाचं प्रेतयात्रेसारखं वर्णन लिहायचा, कोण खांदा देतंय, कोण कॉफी आणतंय, पाद्री कुठे अडकलाय. एकदा त्याने लिहिलं होतं की बायकोनेही पलंगावरून वाचलं आणि ती हसली. त्याच्या बायकोने मला निरोप धाडला होता. त्याचे शब्द, तिचे शब्द, फ्रीझरची घरघर, की-बोर्डवर सांडलेले ब्रेडचे कण, मला सगळं आठवत होतं. लोवेलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तो खरंच थांबला होता.

"आठवत नाही," मी म्हणाले.